नवरा मुलाचं पितृत्वही नाकारतोय आणि ताबाही मागतोय, उत्तर कसं द्यायचं?

पायवाट

नमस्कार मंडळी. महिला समुपदेशन केंद्रात आलेल्या एका प्रकरणासाठी जाणकारांची मदत हवी आहे. ओळख पटू नये म्हणून गावं आणि तारखा सरकवल्या आहेत, पण दिवसांचं अंतर आहे तेवढंच ठेवलंय, कारण सगळं भांडण त्या अंतरावरच आहे.

लग्न नोव्हेंबर २०२० चं, हिंदू पद्धतीने, नोंदणी झालेली. सासर हडपसर, माहेर चिपळूण. नवरा मस्कतला नोकरीला. १२ मार्च २०२२ ला रजेवर आला, ९ एप्रिलला परत गेला. मुलगा २० डिसेंबर २०२२ चा, पूर्ण दिवसांचा, २ किलो ९०० ग्रॅम. जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे. २०२४ मध्ये नवरा कायमचा परत आला आणि मारहाण वाढली. दोन एनसी (अदखलपात्र तक्रारीची पोलीस नोंद) आहेत, एकदा सरकारी दवाखान्यात एमएलसी (मारहाणीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) झाली आहे. जानेवारी २०२५ पासून ती मुलाला घेऊन माहेरी आहे.

आता पुण्याच्या कुटुंब न्यायालयाचं समन्स आलंय. व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागितलाय. परिच्छेद ९ मध्ये लिहिलंय की ९ एप्रिल ते २० डिसेंबर हे आठ महिने अकरा दिवस होतात, नऊ महिने नऊ दिवस भरत नाहीत, कायद्याचे २८० दिवसही भरत नाहीत, म्हणून मूल माझं नाही. आणि शेवटी विनंतीच्या कलमात काय, तर ‘मुलाचा कायमस्वरूपी ताबा अर्जदारास मिळावा’! सोबत डीएनए चाचणीचा वेगळा अर्ज आहे. जानेवारीपासून एक रुपया पाठवलेला नाही. फोनवर मात्र, ‘अंगणवाडीतून उचलून नेईन, शोधत बसशील.’

तिचे वडील म्हणतात, होऊन जाऊ दे चाचणी, आपलं नाणं खणखणीत आहे. ती स्वतः परवा रडत म्हणाली, ‘लिहून देते की त्याचं नाही, मग तरी पिच्छा सोडेल.’ तारीख साडेतीन आठवड्यांवर आहे. आधी काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही?

निशाणी_पाच

पायवाटताई, आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण त्याला उशीर झाला तर परत फिरता येत नाही.

‘त्याचं नाही’ असं तिने कुठेही लिहून द्यायचं नाही. कोर्टात नाही, पोलीस ठाण्यात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर रागाच्या भरातसुद्धा नाही. त्या एका वाक्याने मुलाची पोटगी अडचणीत येते, वारसा अडचणीत येतो, तिच्यावरचा व्यभिचाराचा आरोप तिच्याच सहीने पक्का होतो. आणि एवढं करून पिच्छा सुटतो का? नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी ‘बघा, हिचं चारित्र्य’ म्हणून तोच कागद घेऊन फिरतो.

दुसरं, डीएनएच्या अर्जावर ‘आमची हरकत नाही’ अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्यायची नाही. वडिलांचा सात्त्विक संताप समजतो, पण इथे खणखणीत नाण्याचा प्रश्नच नाही. कायद्याने नाणं आधीच खरं मानलंय. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ११६ (जुन्या पुरावा कायद्याचं ११२) काढून बघा. वैध विवाह चालू असताना मूल जन्मलं, की ते त्या नवऱ्याचं औरस (वैध विवाहातलं) अपत्य आहे याचा तो निर्णायक पुरावा. तो मोडायचा तर नवऱ्याने एकच गोष्ट सिद्ध करायची असते: गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात दोघांना एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती. संबंध आले की नाही हा प्रश्न नाही, संधी होती का एवढाच प्रश्न. हा माणूस स्वतःच्याच अर्जात लिहितोय की १२ मार्च ते ९ एप्रिल मी घरी होतो. संपलं. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के तिच्या बाजूचा पुरावा आहेत.

आता ते २८० दिवस. हा गैरसमज मी वकिलांच्या लिखाणातही पाहतो. कलमातले २८० दिवस कुठे लागू होतात? विवाह संपल्यानंतर, म्हणजे घटस्फोट किंवा नवऱ्याचा मृत्यू झाल्यानंतर मूल जन्मलं आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसलं, तर. तिथे विवाह संपल्याच्या दिवसापासून २८० दिवसांची मुदत आहे. इथे २० डिसेंबर २०२२ ला विवाह चालू होता. दिवस मोजायची गरजच नाही. कलमाचा पहिला भाग लागू होतो, दुसऱ्याचा संबंध नाही. कैफियतीत (अर्जाला द्यायच्या लेखी उत्तरात) हे दोन वाक्यांत, परिच्छेद ९ चा उल्लेख करून, स्पष्ट लिहा.

डीएनएच्या अर्जावर ‘से’ (लेखी म्हणणं) देताना निकालांचा क्रम असा ठेवा. १९९३ साली पश्चिम बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी चाचणी सरसकट द्यायची नाही, संधी नव्हती असं सकृद्दर्शनी भक्कम दिसलं तरच द्यायची. समोरचे वकील हमखास ऑक्टोबर २०१४ चा निकाल दाखवतील. त्यात बायकोला चाचणी घे, नाहीतर प्रतिकूल अनुमान, असा पर्याय दिला होता. त्यावर उत्तर २० फेब्रुवारी २०२३ चं. ते प्रकरण पुण्याच्याच कुटुंब न्यायालयातून वर गेलं होतं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेला चाचणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. व्यभिचार सिद्ध करायचा जवळचा रस्ता म्हणून मुलाची चाचणी मागता येणार नाही, मूल त्या भांडणात पक्षकारही नसतं, त्याच्या औरसपणावर उगाच बोट ठेवलं जाऊ नये हा त्याचा स्वतःचा अधिकार आहे, आणि मुलाच्या चाचणीला आईने नकार दिला म्हणून पितृत्वाबद्दल प्रतिकूल अनुमान काढू नये, असा त्याचा आशय. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या प्रकरणातही औरसपणाचं गृहीतक न मोडता नुसतं पितृत्व तपासत बसायला नकार मिळाला.

मग संमती दिली तर बिघडतं काय? जानेवारी २०१४ चा निकाल आपल्या विदर्भातला. तिथे चाचणी आधीच झालेली होती, अहवाल नवऱ्याच्या बाजूने आला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शास्त्रीय सत्य समोर असेल तर ते गृहीतकाच्या वर. म्हणजे दार एकदा उघडलं की गृहीतकाचं संरक्षण गेलं. नमुन्याची अदलाबदल, नावाची चूक, काहीही झालं तरी निस्तरायचं ओझं तिच्यावर. कारण नसताना ते दार कशाला उघडायचं?

एक मात्र जपा. शपथपत्रात एकही खोटं वाक्य नको. चाचणी नाकारायचं कारण ‘गरज नाही आणि मुलाच्या हिताची नाही’ हे आहे, तेच लिहायचं. या मुद्द्यावर कोणाच्याही खासगी आयुष्याचा खुलासा करावा लागत नाही.

आणि ताब्याची विनंती. परिच्छेद ९ मध्ये मूल माझं नाही आणि विनंतीत मूल मला द्या, हा दोन्ही डगरींवर हात आहे. कैफियतीत तो शब्दशः, परिच्छेद क्रमांकासह, शेजारी शेजारी मांडा. उलटतपासात पहिला प्रश्न हाच: ‘मूल आपलं नाही असं आपलं म्हणणं असेल, तर ताबा कोणत्या नात्याने मागता?’ दोन्हीपैकी कोणतंही उत्तर दिलं तरी एक मागणी पडते.

सूक्ष्मदर्शी

कायद्याचं वर आलंच आहे. दिवसांचा हिशेब वैद्यकीय बाजूने मांडते, कारण न्यायाधीशांच्या मनात ‘आठ महिने अकरा दिवस’ हे राहून जातं आणि घरच्यांच्या मनात तर त्याहून जास्त.

‘नऊ महिने नऊ दिवस’ हा लोकांचा ढोबळ हिशेब. डॉक्टर ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस मोजतात, ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून गर्भधारणेपासून जन्मापर्यंत सरासरी २६६ दिवस. २० डिसेंबरपासून २६६ दिवस मागे गेलं की २९ मार्च येतो. त्या दिवशी नवरा घरात होता. रजेच्या शेवटच्या दिवशी, ९ एप्रिलला गर्भ राहिला असं धरलं तरी जन्मापर्यंत २५५ दिवस होतात. त्यात दोन आठवडे मिळवले की ३८ आठवडे ३ दिवस. ३७ आठवडे झाले की बाळ पूर्ण दिवसांचं. म्हणजे २ किलो ९०० ग्रॅमचं बाळ ‘आठ महिन्यांचं’ कसं, या प्रश्नात दमच नाही. त्याने ९ एप्रिलपासून मोजलं, पण त्याची रजा १२ मार्चला सुरू झाली होती हे विसरला.

कागद कोणते काढायचे? पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सगळ्यांत मोलाची. त्या वेळी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढतात आणि चूक फार तर पाच-सात दिवसांची असते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते, म्हणून ती पुढे करू नका. समजा ७ जूनच्या अहवालात ‘१२ आठवडे ० दिवस’ लिहिलं असेल, तर शेवटची पाळी १५ मार्च आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख थेट २० डिसेंबर. माता-बाल संरक्षण कार्डावरही शेवटच्या पाळीची तारीख पहिल्या पानांतच असते. डिस्चार्ज कार्ड, आणि नवऱ्याने परदेशातून दवाखान्याचं बिल भरलं असेल तर त्या व्यवहाराची बँकेची नोंद, हे सगळं एकत्र ठेवा. दवाखाने जुने कागद कायम ठेवत नाहीत, त्यामुळे आजच लेखी अर्ज देऊन साक्षांकित प्रती मागा.

चाचणीचा आदेश झालाच, वरच्या कोर्टातही टिकला, तर काही गोष्टी सोडू नका. नमुना सरकारी रुग्णालयात, ओळख पटवून, फोटो लावलेल्या ओळखपत्रकावर सह्या घेऊन दिला पाहिजे. आई, मूल आणि नवरा, तिघांचेही नमुने एकाच वेळी घ्या. आईचा नमुना नसला तर निष्कर्ष कमकुवत होतो. रक्त ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणारी) किंवा एफटीए कार्डवर (नमुना वाळवून ठेवायचा खास कागद) घेतात. लहान मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूचा कापसाचा बोळाही चालतो, पण तो वाळवूनच बंद करावा लागतो, ओला बंद केला की बुरशी धरते. नमुना सील होऊन न्यायालयाच्या पत्रासह मुंबईतील कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत किंवा विभागीय प्रयोगशाळेत जातो. सील कोणी लावलं, कोणी नेलं, कोणी स्वीकारलं, ही साखळी कागदावर दिसली पाहिजे.

अहवाल वाचताना: डीएनएच्या तपासलेल्या जागांपैकी एका जागी जुळलं नाही म्हणजे ‘बाप नाही’ असं होत नाही, एखाद्या जागी उत्परिवर्तन (जनुकात आपोआप झालेला बदल) होऊ शकतं. अनेक जागी विसंगती असेल तरच नकार देतात. तिघांपैकी कोणाला रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर ते पत्रकात लिहायचं. आणि आरोप दिरासारख्या जवळच्या नातेवाइकावर असेल तर प्रयोगशाळेला आधीच कळवायचं, कारण सख्ख्या भावांची जनुकं बरीच सारखी असतात आणि तपासायच्या जागा वाढवाव्या लागतात.

नवऱ्याने मुलाचे केस किंवा दात घासायचा ब्रश पळवून खासगी प्रयोगशाळेत चाचणी करून घेतल्याची उदाहरणं आहेत. त्या अहवालात नमुना कोणाचा हेच सिद्ध होत नाही. असा कागद पुढे आला तर घाबरून संमती देऊ नका.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. सोनोग्राफीची फाइल तिच्या बहिणीकडे आहे, उद्याच मागवते. पण रात्रीची झोप उडवणारी गोष्ट अंगणवाडीची आहे. पोलीस म्हणाले, ‘बापच आहे, नेलं तर गुन्हा कसा नोंदवणार?’ खरंच असं आहे का? आणि मूल तिच्याकडेच आहे तर ताब्याचा अर्ज कशाला, असं एका वकिलांनी सांगितलं.

कंदील

पोलीस म्हणाले ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच त्या वकिलांचा सल्ला धोक्याचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय की न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर बापाने स्वतःचं मूल नेलं म्हणून अपहरणाचा गुन्हा होत नाही, तोही नैसर्गिक पालकच आहे. म्हणजे आदेश नाही तोवर अंगणवाडीचं दार उघडं आहे. मूल हातात आहे आणि ताबा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. कागदावरचा ताबा आजच मागायला हवा.

सगळ्यांत जवळचा मार्ग कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथेही अर्ज चालतो, म्हणजे चिपळूणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. पुण्याला जायची गरज नाही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडून नमुना १ मधला घटना अहवाल (डीआयआर) भरून घ्या. कलम १२ चा अर्ज नमुना २ मध्ये. एकतर्फी अंतरिम आदेश हवा असेल तर नमुना ३ चं शपथपत्र लागतं. हे शपथपत्र जोडायचं राहून जातं आणि मग कोर्ट ‘आधी नोटीस काढा’ म्हणतं. तेवढ्यात दोन-तीन आठवडे जातात, आणि नोटीस मिळाल्या मिळाल्याच माणूस सर्वांत धोकादायक असतो. तिला आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. नोटीस बजावली जाईल त्या आठवड्यात मूल एकटं कुठेही पाठवायचं नाही.

अर्जात मुलाला ‘अर्जदार क्रमांक २, अज्ञान, पालनकर्ती आई’ असं घाला. कारण कलम १८ मध्ये शाळेत किंवा नेहमीच्या ठिकाणी यायला मनाई आहे ती पीडित व्यक्ती मूल असेल तर. फक्त आई अर्जदार असली की समोरचा वकील म्हणतो, अंगणवाडीचा संबंध काय. कलम २१ खाली तात्पुरता ताबा स्पष्ट शब्दांत मागा. त्याच कलमात असंही आहे की प्रतिवादीची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं न्यायदंडाधिकाऱ्यांचं मत झालं तर भेट नाकारलीच पाहिजे. इथे ‘नाकारता येईल’ असा पर्याय नाही. हे अधोरेखित करून दाखवा.

विनंतीचे शब्द मोघम नकोत. ‘संरक्षण मिळावे’ एवढ्याने ठाणेदाराला काय करायचं ते कळत नाही. असं लिहा: ‘प्रतिवादीने स्वतः किंवा अन्य कोणामार्फत अर्जदार क्र. २ यास अर्जदार क्र. १ च्या ताब्यातून काढून नेऊ नये, अमुक अंगणवाडी व राहते घर येथे प्रवेश करू नये, दूरध्वनी, संदेश किंवा नातेवाइकांमार्फत संपर्क साधू नये, मुलास न्यायालयाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर किंवा देशाबाहेर नेऊ नये.’ ‘अन्य कोणामार्फत’ हे शब्द विसरू नका. मूल उचलायला पुष्कळदा सासू किंवा नणंद येते, गोड बोलून, खाऊ घेऊन.

आदेश झाला की प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन, एक अंगणवाडीताईंना लेखी पत्रासह, मूल कोणाच्या हाती सोडायचं त्या दोन-तीन माणसांच्या फोटोसकट. ‘मॅडमना तोंडी सांगितलंय’ यावर विसंबू नका, बदली मॅडम आल्या की ते सांगणं संपतं. आदेश मोडला तर कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नवरा परदेशात नोकरीला होता म्हणून पासपोर्टचंही बघा. अज्ञान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते, पण एकाची संमती नाही असं घोषणापत्र देऊनही अर्ज करता येतो. पासपोर्ट काढला असेल तर तो कोर्टात जमा करण्याची मागणी करा, नसेल तर आदेशाची प्रत पासपोर्ट कार्यालयाला पाठवा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मूल एकदा बाहेर गेलं की परत आणणं फार अवघड.

तरीही मूल नेलंच, तर थांबायचं नाही. ११२ ला फोन, १०९८ ला (मुलांच्या हेल्पलाइनला) फोन, आणि वकिलांमार्फत उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची (मुलाला कोर्टापुढे हजर करा, अशी) याचिका. रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारता येईल.

निशाणी_पाच

कंदील यांनी मूळ कामच सांगितलं. त्यात पुण्याच्या प्रकरणापुरती भर.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियतीला ३० दिवस असतात, कोर्टाने वाढवली तर ९० पर्यंत. चिपळूणला अर्ज केला म्हणून पुण्याची तारीख थांबत नाही. गैरहजर राहिली तर एकतर्फी आदेश होतो, आणि डीएनएचा अर्ज ‘हरकत नाही’ म्हणून मंजूर होण्याची भीती खरी आहे. पहिल्या तारखेला हजर राहून वकील लावण्याच्या परवानगीचा अर्ज, डीएनएवर से, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी व प्रवासखर्चाचा अर्ज, तिन्ही एकदम द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यात वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. तीन वर्षांचं मूल, कुंभार्ली घाटातून सहा-सात तासांचा प्रवास, पुण्यात राहायला जागा नाही आणि दोन एनसी, ही कारणं पुरेशी आहेत.

पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं १२५) चिपळूणलाच चालतं. तिथे मूल औरस की अनौरस हा भेदच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोघांनीही मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र देणं सक्तीचं आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून एक महिना उशीर म्हणजे एका महिन्याची पोटगी गेली. दुसऱ्या कोर्टात पोटगी मागितली असेल तर ते प्रत्येक अर्जात लिहा, लपवलं तर विश्वास जातो. महाराष्ट्रात पोटगी आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. अर्जात तसं नमूद करायचं, नाहीतर फाइलिंगला परत देतात.

पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ६ मध्येच आहे. मुलगा डिसेंबर २०२७ ला पाच पूर्ण करेल. पुढे काय, याची काळजी आज नको, तोवर मुलाची घडी बसलेली असणं हाच तिचा मोठा पुरावा ठरतो. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची हजेरी, मुलांच्या डॉक्टरांची फाइल नीट ठेवा. आणि प्रकरण चालू असताना मुलाचं नाव-आडनाव बदलायच्या भानगडीत पडू नका, कोर्टाला त्यात सूडबुद्धी दिसते.

रातराणी

भेटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोर्ट बहुतेक वेळा भेट पूर्ण बंद करत नाही. ‘अजिबात भेटू देणार नाही’ एवढंच म्हणून बसलं तर आई आडमुठी ठरते आणि मग कोर्ट स्वतःच्या मनाने एखादा आदेश देऊन टाकतं, ज्यात तिच्या सुरक्षिततेचा विचारच नसतो. म्हणून हरकत नोंदवायची, आणि ‘तरीही भेट द्यायची झाल्यास’ म्हणून अटी आपणच मांडायच्या.

त्या अटी अशा असाव्यात: भेट फक्त न्यायालयाच्या आवारात, मुलांच्या खोलीत, समुपदेशकासमोर. महिन्यातून दोनदा, सुरुवातीला एक तास. मूल आईच्या हातून थेट बापाच्या हाती नाही, मधे समुपदेशक किंवा मान्य केलेला तिसरा माणूस. आई आणि बाप पंधरा मिनिटांच्या फरकाने येतील-जातील, एकाच दारातून नाही. मारहाणीची बरीच प्रकरणं या देवाणघेवाणीच्या वेळी, कोर्टाच्या पायऱ्यांवर किंवा पार्किंगमध्ये होतात. निघताना पाठलाग होतो आणि राहण्याचा पत्ता कळतो. म्हणून तिच्यासोबत एक माणूस हवाच, आणि आधी तिने निघायचं, मग त्याने. दारू प्यायलेला असेल तर भेट रद्द, हे आदेशात लिहून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ कॉल ठरला तर वार, वेळ आणि मिनिटं ठरवा, नाहीतर तो दिवसभर फोन करत राहतो आणि कॉल मुलासाठी नसून तिच्यावर नजर ठेवायला होतो. घरातली खिडकी, बाहेरची पाटी, दुकानाचं नाव कॅमेऱ्यात येणार नाही अशा भिंतीसमोर बसवा.

भेटीआधी मुलाला काही शिकवू नका. ‘बाबा वाईट आहेत असं म्हण’ हे तीन वर्षांचं मूल जसंच्या तसं बोलून दाखवतं, ‘आईने सांगितलं’ हेही जोडून. भेटीनंतर मात्र लक्ष ठेवा. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं, जेवण सोडणं, तारखेसह वहीत टिपा. अंगावर काही खूण दिसली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा, दुसऱ्या दिवशी नको.

आणि ‘ठाण्यात बसून मिटवू’ म्हणून कोणी पाचशेच्या स्टॅम्पवर मुलाबद्दल लिहून घेत असेल तर सही करू देऊ नका. असा नोटरीचा करार कोर्टाला बांधील नाही, पण तिच्याविरुद्ध मात्र वापरला जातो.

पायवाट

अगदी हेच हवं होतं. शेवटचा प्रश्न: ‘अंगणवाडीतून उचलून नेईन’ ही धमकी फोनवर आहे, तिच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग झालंय. काही मेसेजही आहेत. स्क्रीनशॉटची प्रिंट चालेल?

निशाणी_पाच

नुसती प्रिंट टिकत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत: भाग अ तिने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चा नमुना भरून दिला की भाग ब राहतो आणि हरकत येते, हे सध्या वारंवार होतंय.

मोबाइल विकायचा नाही, फॅक्टरी रीसेट करायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर हलवायचं नाही. मूळ रेकॉर्डिंग त्याच फोनमध्ये राहू द्या, नाव बदलू नका, कापू नका, एक प्रत पेनड्राइव्हवर काढून भावाकडे ठेवा. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, तिचे स्वतःचे संदेशही त्यात येऊ द्या, निवडक मेसेज दिले की विश्वासार्हता जाते. नवरा-बायकोमधलं संभाषण न सांगता रेकॉर्ड केलं तरी विवाहाच्या वादात पुरावा म्हणून चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. कॉलची तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून आला आणि धमकीचे नेमके शब्द डीआयआरमध्ये आजच लिहून घ्या, कारण अंतरिम आदेश देताना न्यायदंडाधिकारी आधी तोच कागद उघडतात.